न थकणारा उंदीर

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला सरांनी उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र हरवलं होतं असं नाही. ते त्यांच्या टेबलावरच्या जाड शब्दकोशात, 'प'च्या पानांमध्ये ठेवलेलं होतं. उद्या-परवा उत्तर लिहू म्हणून ठेवलेलं. तेव्हापासून 'प'चा एखादा शब्द अडला, की सर कोश उघडायचं टाळत आणि दुसऱ्याच कुठल्यातरी शब्दावर वेळ मारून नेत. निवृत्तीनंतर त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याला म्हणूनच 'प्रस्तावना' नव्हती. 'सुरुवातीला थोडंसं' होतं.

पत्र निळ्या शाईतलं, दीड पानाचं. सरांना ते पाठ होतं.

'सर, तुम्हाला मी आठवत असेन असं नाही. दुसऱ्या वर्षाला मी खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या संगणकावर बसायचे. माझी तक्रार काही नाही. ज्यांना दिसत नाही अशा माणसांना वाट दाखवणारी कुत्री मी आता शिकवते. काम मनासारखं आहे. आमच्या हातात एक डबी असते, दाबली की खट् वाजते. कुत्र्यानं बरोबर केलं की खट्, आणि लगेच खाऊ. नवीन माणसाला आम्ही पहिलं हेच शिकवतो, की एकदा खट् केलं म्हणजे खाऊ द्यायलाच हवा. चार-सहा वेळा फसवलं तर कुत्रं त्या आवाजाकडे ढुंकूनही बघत नाही. हे शिकवताना दर वेळी मला तो शनिवार आठवतो. म्हणून एकच विचारते. मामानं खरंच दांडी दाबायचं थांबवलं नव्हतं का? की मीच चुकीचं पाहिलं? जे असेल ते सांगा. मला राग येणार नाही.'

हा मामा म्हणजे उंदीर. तोही खरा नाही.

सर चौतीस वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत होते. प्राणी कसे शिकतात, बक्षिसानं सवय कशी लागते आणि बक्षीस बंद झालं की ती कशी विझते, हा त्यांचा विषय. सुरुवातीला प्रयोगशाळेत बारा खरे पांढरे उंदीर होते. सर त्यांची पेटी स्वतः साफ करत. माणसांपुढे त्यांना शब्द फुटत नसे, उंदरांशी मात्र ते तासन्‌तास बोलत. मग एका सोमवारी त्यांतला एक उंदीर प्राचार्यांच्या टेबलाच्या खणात सापडला. "एक तर हे उंदीर राहतील, नाहीतर मी," असं प्राचार्य म्हणाले. शिक्षकांच्या खोलीत बऱ्याच जणांना निर्णय अवघड वाटला, पण शेवटी उंदीर गेले.

रिकाम्या पेट्या बघून सरांना करमेना. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एक पुस्तक आणून प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं, आणि दीड वर्ष खपून संगणकाच्या पडद्यावर एक उंदीर तयार केला. राखाडी चौकोन म्हणजे पेटी, उजवीकडे दांडी, तिच्याखाली दाण्याची वाटी, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा एक उंदीर. तो फिरायचा, हुंगायचा, मागच्या पायांवर उभा राहायचा, मिशा साफ करायचा. चुकून दांडीपाशी गेला की विद्यार्थ्यानं कळ दाबून दाणा टाकायचा. दाणा पडताना खट् असा आवाज यायचा. होता होता उंदीर आपणहून दांडी दाबायला शिकायचा. हा झाला प्रयोगाचा पहिला भाग. दुसऱ्या भागात दाणा बंद करायचा आणि बघत बसायचं. दाणा येत नाही म्हटल्यावर उंदराचं दांडी दाबणं हळूहळू कमी होत जातं आणि शेवटी थांबतं. याला पुस्तकात विलोपन म्हणतात. आलेखावर ती उतरती रेघ काढून आणली की मार्क.

उंदराला विद्यार्थ्यांनी पहिल्याच आठवड्यात मामा करून टाकलं. "सर, माझा मामा झोपलाय." "सर, हिचा मामा हुशार आहे, माझा नुसताच मिशा पुसतो." सरांना हे फार आवडायचं. पण आवडतं असं म्हणायची सोय नव्हती. विद्यार्थ्यांनाही ते अहो-जाहो करत, इतके ते भिडस्त.

अडचण आली ती आवाजाची. वीस संगणकांवर वीस मामा एकदम खटखट करू लागले, तेव्हा शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर दारात येऊन म्हणाले, "टाइपरायटरचा कारखाना काढलाय का हो?" एवढं बोलणं सरांना आठवडाभर पुरायचं. त्याच दुपारी त्यांनी घाईघाईनं आवाज बंद करायची सोय प्रोग्रॅममध्ये घातली, आणि पुढे प्रत्येक तासाला फळ्यावर लिहू लागले : आवाज बंद ठेवा.

खिडकीजवळच्या कोपऱ्यातली मुलगी त्या आठवड्यात तापानं आजारी होती. बुडालेला तास भरून काढायला ती शनिवारी एकटी आली. सरांनी खोली उघडून दिली आणि ते वाचनालयात जाऊन वाचत बसले. फळा स्वच्छ पुसलेला होता.

सोमवारी तिनं आलेख दिला. रेघ उतरत नव्हती. पट्टी लावून काढावी तशी सरळ वर चढत गेली होती. दोन तास दाणा बंद, आणि मामानं अकराशे सव्वीस वेळा दांडी दाबलेली.

"हे आकडे तुम्ही कुठून आणलेत?" सरांनी विचारलं.

"मामानं दाबले, सर."

"दाणा न मिळता? अकराशे सव्वीस वेळा?"

"हो सर. तो थांबतच नव्हता. मी वाट बघत बसले."

आणि तेव्हा सरांच्या तोंडून, कसा कुणास ठाऊक, आयुष्यातला पहिला विनोद निघाला. "मामाला भाचीची फारच काळजी दिसते," ते म्हणाले.

वर्ग हसला. नुसता हसला नाही, बाकं वाजवली. सरांच्या तासाला असं कधी झालं नव्हतं. मुलगी खाली बघत उभी राहिली, मग कोपऱ्यात जाऊन बसली. सरांनी आलेखावर शून्य लिहिलं. पुढच्या वर्षी तिनं विषय बदलला, आणि सर मात्र दर वर्षी विलोपनाच्या तासाला मनानंच आकडे रचणाऱ्या मुलीची गोष्ट सांगू लागले. दर वर्षी वर्ग हसायचा. निवृत्त होईपर्यंत हे चाललं.

पत्र आलं त्याच दिवशी सरांनी घरच्या संगणकावर जुना प्रोग्रॅम चालू केला, दाणा बंद केला, आणि आवाज चालू ठेवला. अर्धा तास झाला तरी मामा खटखट दांडी दाबत होता. मग त्यांनी प्रोग्रॅमच्या ओळी काढून वाचल्या. घाईच्या त्या दुपारी लिहिलेली ओळ सापडायला दहा मिनिटं लागली. दाणा पडला किंवा आवाज झाला, तर मामाची ओढ एका टप्प्यानं वाढव, असा त्या ओळीचा अर्थ होता. आणि दाणा बंद असला तरी दांडी दाबली की ती खट् वाजायची, खऱ्या यंत्रासारखी. म्हणजे आवाज चालू असेल तर मामाला उपाशी ठेवायची सोयच नव्हती. तो आवाजावरच जगत होता.

सरांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या खर्ड्यात आवाज आणि बक्षीस यांच्या संशोधनाचा इतिहास आला, तिसऱ्या पानापर्यंत. चूक कुणाची, हे चौथ्या पानावर एका लांबलचक वाक्याच्या पोटात आलं. सरांनी तो फाडला. असे सात खर्डे झाले. मग मनात येऊ लागलं, की एवढ्या उशिरा उत्तर पाठवणं बरं दिसत नाही. वर्षभरानं ते आणखीच वाईट दिसू लागलं. महाविद्यालयातही आता तो जुनाट प्रोग्रॅम कोण वापरतंय, असं म्हणून त्यांनी तिथेही काही कळवलं नाही.

सर राहत होते त्यांच्या ताईबरोबर. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, रुग्णालयातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेली, आणि तिच्या लेखी पंचाहत्तरी गाठलेले सर अजून छोट्याच होते.

एका दुपारी महाविद्यालयातल्या नव्या विभागप्रमुख बाई घरी आल्या. चाळिशीच्या, चटपटीत, बगलेत लॅपटॉप. ताईनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि आल्या आल्या मांजराची करामत दाखवली. कपाटावरचा पत्र्याचा डबा तिनं चमच्यानं टण्‌टण् वाजवला. कुंपणावर झोपलेला लठ्ठ बोका उडी मारून खिडकीतून आत हजर.

"बघ, कशी शिस्त आहे. नाहीतर आमचा छोट्या. जेवायला तीन हाका माराव्या लागतात."

बाई हसल्या. मग त्यांनी लॅपटॉप उघडला. "सर, एक आनंदाची बातमी आहे. तुमचा मामा अजून आमच्याकडे चालतो."

"अजून?" सरांनी विचारलं.

"आता तर मोबाइलवर चालेल असा नव्यानं करून घेतोय. तुमच्या ओळी तशाच ठेवल्यात, शब्दाला हात लावलेला नाही. आणि सर, मला विशेष म्हणजे ते आवाजाचं आवडलं. हल्ली मुलांच्या कानात इयरफोन असतातच, त्यामुळे आवाज चालू असतो. दाणा बंद केला तरी मामा थांबत नाही! आधी मला वाटलं, चूक आहे. मग लक्षात आलं, की अरे, हे तर दुय्यम प्रबलन. दाण्याबरोबर आलेला आवाजच बक्षीस होऊन बसलाय. किती वर्षांपूर्वी तुम्ही हे घालून ठेवलंत! मी आमच्या पुस्तिकेत घेतलंय, पान बत्तीस. परीक्षेत प्रश्न असतो त्यावर."

"अं... म्हणजे... तसं नाही..." सर म्हणाले.

"सर, तुमचा हा विनय आम्ही ऐकून आहोत. पुढच्या महिन्यात संगणकाच्या खोलीला तुमचं नाव देतोय. छोटासा समारंभ. नाही म्हणू नका."

सरांनी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. कपातला चहा बशीत सांडला तेवढा.

बाई गेल्यावर ताई म्हणाली, "बिचारी एवढं कौतुक करत होती, आणि तू दाढ दुखत असल्यासारखा बसला होतास. काय झालं काय?"

"काही नाही."

"बरं. काही नाही तर काही नाही."

त्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांनी बोक्याचं वजन केलं आणि ताईला चांगलंच सुनावलं. मधल्या वेळचं खाणं बंद. पण ताईला बोका दुपारी आत आलेला हवा असायचा, मांडीवर घ्यायला. तिनं यावर शक्कल काढली : डबा वाजवायचा, पण द्यायचं काही नाही.

"येतो की लेकाचा," पहिल्या दिवशी ती म्हणाली. "डॉक्टरांना काय कळतंय."

सरांना जुनी खोड होती. खिडकीशी बसल्या बसल्या त्यांनी एका रिकाम्या पाकिटाच्या मागे नोंद करायला सुरुवात केली. पहिला दिवस, दोन वेळा वाजवला, दोन्ही वेळा लगेच उडी. दुसरा दिवस, लगेच. तिसऱ्या दिवशी बोक्यानं आधी आळस दिला, मग आला, डबा हुंगला आणि ताईकडे असं बघून गेला, की ताई ओशाळली. चौथ्या दिवशी नुसता कान हलला. सहाव्या दिवशी ताई टण्‌टण् वाजवत राहिली आणि बोका कुंपणावर पाठ करून झोपून राहिला.

"बघ कसा रुसलाय मेला," ताई म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "विश्वासच उडाला रे त्याचा माझ्यावरचा."

सरांनी पाकिटावर सहावा ठिपका काढला आणि ठिपके जोडले. उतरती रेघ. सव्वीस वर्षांपूर्वी कोपऱ्यातल्या मुलीकडून त्यांना अगदी हीच हवी होती. जिवंत बोका सहा दिवसांत थांबला होता. पडद्यावरचा मामा जन्मभर थांबला नसता, आणि दर वर्षी नवी मुलं पान बत्तीसवर वाचत होती, की उंदीर असाच असतो.

ते उठले, शब्दकोश उघडला, आणि पत्र ताईच्या हातात दिलं.

ताईनं चष्मा लावून सगळं वाचलं. मग सरांनी बाकीचं सांगितलं. आधी अडखळत, मग सलग. त्या दुपारची घाई, ती ओळ, शून्य, विनोद.

"तो विनोद तू पुढे किती वर्षं सांगितलास?" शेवटी तिनं विचारलं.

"अकरा."

"मलाही सांगितला होतास. जेवताना." तिनं चष्मा काढला. "मी हसलेही होते रे."

"ताई, पण आता अकरा वर्षांनी काय तोंडानं लिहू?"

"तोंडानं नको लिहू, पेनानं लिही." मग तिनं पत्राची घडी घातली. "छोट्या, तिनं काय मागितलंय? मार्क मागितलेत? माफी मागितलीय? तिनं फक्त विचारलंय, मी पाहिलं ते खरं की खोटं. एवढं सांगायला तुला कोश लागतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी संगणक लावला. दाणा बंद, आवाज चालू, आणि घड्याळ लावून दोन तास समोर बसले. ताईनं दोनदा येऊन पाहिलं. "थकत नाही का हा?" तिनं विचारलं. "नाही ना," सर म्हणाले. दोन तासांनी आकडा आला अकराशे एकतीस. रेघ पट्टीनं काढल्यासारखी सरळ. त्यांनी ती छापून घेतली.

मग त्यांनी ती ओळ दुरुस्त केली. तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. आवाजाची ओढ ठेवली, पण दाणा नसेल तर दर खेपेला थोडी थोडी ओसरेल अशी. पुन्हा दाणा बंद केला. मामानं सुरुवातीला चांगला जोर लावला. मग मधे मधे थांबू लागला. पाऊण तासानं तो दांडीपासून लांब गेला, कोपऱ्यात मागच्या पायांवर बसला आणि मिशा साफ करू लागला. सर कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होते. सव्वीस वर्षांत आवाज चालू असताना त्याला पहिल्यांदाच विश्रांती मिळाली होती.

त्यांनी विभागप्रमुख बाईंना फोन लावला. फोन लावणं हा सरांचा प्रांत नव्हता. तीनदा आकडे चुकले.

"ती चूक आहे," नमस्कार वगैरे न करता ते म्हणाले.

"कोण? सर? कसली चूक?"

"आवाजाची. पान बत्तीस. मी ठरवून काही घातलं नव्हतं. घाईत एक ओळ चुकली."

मग बाई हसल्या. "असू दे हो सर. चुकून का होईना, बरोबरच आहे की. खऱ्या प्राण्यातही आवाजानं सवय लांबतेच ना?"

"लांबते. पण संपते. माझ्या उंदराची संपतच नाही. हे खरं नाही. आमच्या बोक्याची सहा दिवसांत संपली."

"सर, पुस्तिका छापून झालीय. परीक्षेत इतक्या मुलांनी हेच लिहिलंय, त्याला मार्क दिलेत आम्ही."

"तेच म्हणतोय मी. मी एका मुलीला याच चुकीपायी शून्य दिलं, आणि तुम्ही बाकीच्यांना मार्क दिलेत. दोन्ही माझ्यामुळे."

"कुठली मुलगी?"

सरांनी सांगितलं. या वेळी दहा वाक्यांत झालं. बाई हसायच्या थांबल्या होत्या.

"आणि हे तुम्हाला कळून किती दिवस झाले, सर?"

"अकरा वर्षं."

"अच्छा." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पान मी बदलते. दुरुस्त केलेली ओळ पाठवा. खोलीच्या नावाचं मात्र... मला समितीशी बोलावं लागेल."

"बोला," सर म्हणाले. विद्यार्थ्याला नापास करण्यापूर्वी ते स्वतः ज्या सुरात बोलत, तोच सूर त्यांना ओळखू आला होता.

"तिला कळवलंत का?" बाईंनी फोन ठेवता ठेवता विचारलं.

"आज कळवतोय."

असं म्हणेपर्यंत त्यांचं आजचं काही ठरलेलं नव्हतं. पण आता शब्द गेला होता.

दुपारभर ते लिहीत बसले. मायन्यापाशीच गाडी अडली. 'प्रिय' म्हणजे फार सलगी. 'चिरंजीव' म्हणावं तर ती आता पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांची. शेवटी त्यांनी लिहिलं, 'खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसणाऱ्या विद्यार्थिनीस'. मग चार पानं झाली. ताईनं ती हातात घेतली आणि उलटीसुलटी करून बघितली.

"हे पत्र आहे का पाठ्यपुस्तक? तिच्या प्रश्नाचं उत्तर कितव्या पानावर आहे?"

"तिसऱ्या."

"ते पहिल्या ओळीत घे. बाकीचं तिचं ती समजेल. कुत्री शिकवते ती, अडाणी नाही."

सर कुरकुरले, पण त्यांनी नवा कागद घेतला.

'तुम्ही बरोबर पाहिलं होतं. मामा थांबत नव्हता. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. दाणा नसला तरी नुसत्या आवाजावर त्याचं भागत होतं. तुमचे आकडे खरे होते. मी ते तपासले नाहीत. तुम्हाला शून्य दिलं आणि वर्गासमोर थट्टा केली. तीच थट्टा पुढे अकरा वर्षं प्रत्येक वर्गात सांगितली, तेव्हा तुम्ही तिथे नव्हता, म्हणून हे कळवतो. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मला चूक सापडली होती. उत्तर न देण्याला भित्रेपणाखेरीज कारण नाही. सोबत एक आलेख आहे. तो काल मी दोन तास बसून काढला. माझ्याकडे आकडा ११३१ आला, तुमचा ११२६ होता. तुमची मी माफी मागतो. उत्तराची अपेक्षा नाही.'

ताईनं वाचलं. बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"अपेक्षा नाही?"

सर पेनाचं टोपण लावू लागले.

"आहे ना?"

"आहे."

"मग ती ओळ खोड."

त्यांनी खोडली. 'काल' लिहिलंय पण आलेख तर आज सकाळीच काढला, हेही त्यांच्या लक्षात आलं. पत्र उद्या निघेल असं धरून हात आपोआप तसं लिहून गेला होता. त्यांनी 'काल' खोडून 'आज' केलं, खाली सही केली, आणि चपला घातल्या. पोस्ट बंद व्हायला चाळीस मिनिटं होती.

पोस्ट कोपऱ्यावरच होतं. रांगेत दोन माणसं होती. पुढच्याला पार्सल पाठवायचं होतं, त्याचं बराच वेळ चाललं, आणि घरी परत जायला सरांना हे निमित्त पुरेसं वाटू लागलं होतं. पण तेवढ्यात पार्सल गेलं. पाकिटावरचा पत्ता त्यांनी जुन्या पत्रावरून उतरवला होता. कुत्र्यांच्या शाळेचा, छापील.

खिडकीमागच्या बाईनं पाकीट काट्यावर टाकलं. "आजोबा, याच तिकिटात अजून एक कागद बसेल."

"नको," सर म्हणाले. "आहे तेवढं पुरे."

तिनं पाकीट उलटून पाहिलं. "पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. पोचलं नाही तर परत कुठे यायचं ते? आणि पोचलं, तर त्यांनी उत्तर कुठे पाठवायचं?"

सरांनी खिशातलं पेन काढलं. खिडकीच्या कडेवर पाकीट टेकवून त्यांनी आपलं नाव लिहिलं, घराचा क्रमांक, रस्ता, सगळं. सुवाच्य, जसं ते फळ्यावर लिहीत. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. त्यांनी घाई केली नाही. मग पाकीट आत सरकवलं.

बाईनं तिकीट चिकटवलं, ठप्पा मारला, आणि न बघता मागच्या पिशवीत टाकलं.